येऊरला गेलो आणि तेरड्यापाशीच अडकलो
गौरी-गणपती झाले की मला येऊर, ठाण्याजवळचं जंगल, हाक मारतं. या रविवारी सकाळी साडेसहाची बस पकडली, पाटोणपाड्याच्या बाजूने नाल्यापर्यंत जायचं ठरवलं होतं पण तेवढं चाललोच नाही, कारण रस्त्याच्या कडेलाच तेरडा इतका माजलाय की पाय पुढे निघेना.

आमच्याकडे गौर तेरड्याचीच असते, आई मुळासकट आणायला लावायची, त्यामुळे हे झाड लहानपणापासून ओळखीचं, पण त्याच्याजवळ तासभर बसून कधी बघितलं नव्हतं. फुलाच्या मागे बारीक शेपटी असते ना, त्यात मध असतो. मधमाशी आत शिरली की वरचे परागकण तिच्या पाठीवर बसतात, आणि गंमत म्हणजे फूल आधी नर असतं, मग ती परागांची टोपी गळून पडते आणि आतून मादीचा भाग उघडा होतो!! तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण त्या तीन दिवसांत ते फूल केवढं काम उरकतं बघा.

एका पानाखाली काळपट अळी दिसली, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटीवर एक काटा, ही हॉक मॉथ या पतंगाची. फांदी जरा हलली तर एकदम ताठ झाली. शेजारच्या जाळ्यात जायंट वुड स्पायडरची मादी, हाताच्या पंजाएवढी, आणि वरच्या कोपऱ्यात तिचा नर, इतकुसा की आधी मला किडाच वाटला. ब्लू मॉर्मन दोनदा डोक्यावरून गेलं, आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ पासून. कॅमेरा काढेपर्यंत कुठलं थांबतंय.

पुढे कारवीच्या झुडपांचा उतार. २०२४ ला हा अख्खा जांभळा होता, आता वाळक्या काड्या. कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते, म्हणजे आता थेट २०३२. मी काड्यांच्या मध्ये वाकून बघितलं तर खाली नवीन रोपं आलीयेत, बोटभर, खरखरीत पानांची. मला इतकं बरं वाटलं.

परत येताना एक मावशी रस्त्यावर रानभाज्या घेऊन बसल्या होत्या, कळलावी या रानवेलीचा फोटो दाखवला तर म्हणाल्या, "हात नको लावू हो, विषारी आहे ती." लावला नव्हता. तेरड्याच्या फुगलेल्या शेंगेला मात्र लावला, टचकन फुटली आणि बिया शर्टावर उडाल्या, त्या तिथेच झटकल्या.