गेटवर गाडी आणि स्वॅपमध्ये गेलेला स्क्विड

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं नेटवर्क मी एएमसीवर, म्हणजे वर्षाच्या देखभाल करारावर, बघतो. दीडशेच्या आसपास माणसं आणि सगळ्यांचं नेट एकाच लिनक्स बॉक्सवरच्या स्क्विड प्रॉक्सीतून जातं, म्हणजे मधे बसून सगळ्यांना साईट आणून देणाऱ्या आणि त्यातलं काही कॅशमध्ये साठवून ठेवणाऱ्या प्रोग्रामातून. बॉक्सला रॅम ८ जीबी. कधीपासून तरी रोज अकराच्या सुमाराला नेट पंधरावीस मिनिटं लटकायचं, आणि लोक सरळ लाईनला शिव्या घालायचे. लाईन ठणठणीत होती हो!

आमच्या जुनिअरनं फोन केला, "दादा, स्वॅप दीड जीबी भरलंय, काढून टाकू काय?" स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. मी कोल्हापुरात दुसऱ्या साईटवर होतो, गडबडीत म्हटलं काढ. त्यानं एफएसटॅब या सेटिंग फाईलमधली स्वॅपची ओळ बंद केली, संध्याकाळी बॉक्स रिबूट केला. झालं ते इथंच.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला अकाउंटच्या मॅडमचा फोन. "अहो सर, गाडी भरून गेटवर उभी आहे, ई-वे बिल निघेना." माल बेळगावला जाणार होता. परराज्यात ५० हजारांच्या वरचा माल बिलाशिवाय गेटबाहेर काढता येत नाही, आणि साईट तर उघडत नाही. तसाच गाडीला किक मारून निघालो.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत, स्वच्छ लिहिलं होतं, आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, स्क्विड. कर्नलला मेमरी कमी पडली की तो सगळ्यात जास्त खाणाऱ्याचा बळी घेतो, आणि त्या बॉक्सवर सगळ्यात मोठा स्क्विडच. त्याचा मास्टर प्रोसेस त्याला परत उठवतो, पण मेला तो अर्धवट मेला, त्यामुळं २०० जीबीच्या डिस्क कॅशचा इंडेक्स पहिल्यापासून बांधत बसला होता आणि तोवर सगळं गोगलगायीसारखं चाललं होतं. त्यात जुनिअरला कॅश फोल्डरमध्ये स्वॅप डॉट स्टेट नावाची फाईल दिसली, ती उडवू काय म्हणून विचारत होता. त्या फाईलचा लिनक्सच्या स्वॅपशी काही संबंध नाही, ती डिस्क कॅशची नोंदवही आहे! स्क्विडमध्ये डिस्कवर टाकण्यालाच स्वॅप म्हणतात, त्यामुळं गोंधळ होतो. त्यानं हात लावायच्या आधी विचारलं ते बरं झालं, पोरगं सावध आहे.

मग कागद घेऊन बसलो. कॅश मेम ४ जीबी ठेवलेली. ही काय स्क्विडची एकूण मर्यादा नव्हे, फक्त रॅममध्ये ठेवायच्या वस्तूंची आहे, हे आमच्या लाईनीतल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. डिस्क कॅशच्या दर जीबीमागं इंडेक्सला ६४ बिट मशीनवर साधारण १४ एमबी रॅम लागते, म्हणजे २०० जीबीला २.८ जीबी. तिथंच ६.८ झाले. वरनं साईट ब्लॉक करणारे हेल्पर, आणि शेठना कोण काय बघतंय याचा रोजचा रिपोर्ट पाहिजे म्हणून अकराला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, सुटणारा प्रोग्राम, तो भलीमोठी लॉग फाईल वाचणार. स्वॅपीनेस, म्हणजे कर्नल स्वॅपकडे किती झुकतो तो आकडा, डिफॉल्ट ६०, म्हणजे फाईल वाचता वाचता कर्नल स्क्विडची मेमरीतली पानं स्वॅपमध्ये ढकलणार. आणि आमच्या सेटिंगला स्क्विड एकच प्रोसेस आहे, इंडेक्सचं एक पान डिस्कवरनं आणायला तो थांबला की दीडशे माणसं थांबली! अकराचं कोडं सुटलं ते असं.

आधीच्या माणसानं सगळ्या आकड्यांना शून्यं वाढवत नेलेली, हिशेब कुणी केला नाही. आणि बहुतेक ट्रॅफिक आता एचटीटीपीएसचं, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं, ते आमच्या सेटिंगमध्ये कॅश होतच नाही, ई-वे बिलाची साईट पण नुसती आरपार जाते. मग २०० जीबी कशाला पोसायचे?

कॅश मेम १ जीबी केली, डिस्क कॅश ५० वर आणली म्हणजे इंडेक्स ७०० एमबी, स्वॅप २ जीबी परत चालू, स्वॅपीनेस १०, रिपोर्ट रात्री दोनला. दुपारी बिल निघालं, गाडी गेली. ड्रायव्हर सकाळपासून उपाशी होता हे मला नंतर वॉचमननं सांगितलं.

माझ्या डोक्यात अजून फिरतंय ते "काढ" म्हणालो ते. स्वॅपमध्ये दीड जीबी नुसते पडून असले तरी काही बिघडत नाही, व्हीएमस्टॅट कमांडमध्ये एसआय आणि एसओ (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं आणि रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) सतत हलतायत का ते बघायचं असतं. हे मला येतं, मी पोरांना शिकवतो, आणि फोनवर नुसता भरल्याचा आकडा ऐकून बोललो. जुनिअरला शेठनी ऐकवलं, मग मी जाऊन सांगितलं की त्याला मीच सांगितलं होतं.

आता अकराला एसआय-एसओ शून्यावर असतात. पण पाचही सेटिंग एकाच दमात बदलल्यामुळं नक्की कशानं बरं झालं ते कळायचं राहिलं. रविवारी प्लांट बंद असतो तेव्हा रिपोर्ट हातानं सोडून एकेक बदल मागं घेऊन बघणार आहे.