दोनाच्या डोक्यावरचं चिन्ह

त्या दिवशी पीक विम्याचं सर्व्हर दुपारी जे बसलं, ते उठलंच नाही. वर्धा जिल्ह्यातलं आमचं छोटं सेवा केंद्र, बाकड्यावर चार-पाच शेतकरी ताटकळलेले. तेवढ्यात गुरुजी आले. पिशवीतून पिवळी पडलेली वही काढून म्हणाले, "बाई, हे चालवून दाखवता येईल का तुला?"

वहीत बेसिक या जुन्या संगणक-भाषेतला प्रोग्राम होता, निळ्या शाईत, दहा-वीस-तीस असे ओळींना क्रमांक. १९८४ साली केंद्र सरकारचा 'क्लास' प्रकल्प सुरू झाला, त्यात शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. गुरुजींच्या शाळेतही एक आला होता. तो कधीच भंगारात गेला. वही तेवढी त्यांनी जपली.

शोधल्यावर जेएसबीब नावाचा एम्युलेटर, म्हणजे त्या जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, सापडला. ब्राउझरमध्येच चालतो, काही बसवावं लागत नाही. काळ्या पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' उमटलं, खाली बाणासारखं चिन्ह आलं आणि त्यापुढे कर्सर लुकलुकू लागला. गुरुजी खुर्ची पुढे ओढून बसले. अर्जाला जोडायचा फोटो मी रोज ५० केबीचा करून देते. या अख्ख्या संगणकाची मेमरी ३२ केबी!

पहिल्याच ओळीला अडले. अवतरणचिन्ह दाबलं की फुली-चांदणी उमटे. तीनदा तेच. एम्युलेटरच बिघडलाय असं मी म्हणणार, तोच गुरुजींनी हात पुढे केला आणि शिफ्ट धरून दोनाची कळ दाबली. अवतरणचिन्ह आलं. "त्या मशीनवर हे दोनाच्या डोक्यावरच होतं." एम्युलेटरमध्ये जुन्या कीबोर्डचीच मांडणी होती, अन् ती गुरुजींच्या बोटांना पाठ होती. मी उठले, त्यांना माझ्या जागी बसवलं. मी वाचत गेले, ते टाइप करत गेले, एकेका बोटानं, पण न चुकता.

'रन' केलं. पडद्यावर आलं: ओळ २० मध्ये असा व्हेरिएबलच नाही. गुरुजींचा चेहरा उतरला. वही दिव्याखाली धरली तेव्हा उलगडलं. बाकी प्रत्येक शून्यावर त्यांनी तिरकी रेघ मारलेली, या एकावरची मात्र पुसून गेली होती. ते शून्य मला इंग्रजी 'ओ' वाटलं आणि मी 'एम बरोबर ओ' वाचलं होतं. २० हाच क्रमांक देऊन ती ओळ नव्यानं लिहिली, की जुनी आपोआप गेली.

पुन्हा 'रन'. पडद्यावर प्रश्न आला, ७ गुणिले ८ किती? गुरुजींनी उत्तर दिलंच नाही. मागे वळून बाकड्याकडे पाहिलं.

"छप्पन जी!" कापूस विकून आलेले एक काका म्हणाले.

"या, तुम्हीच दाबा."

काकांनी पाच दाबलं, सहा दाबलं, मग मी दाखवलेली रिटर्नची कळ. संगणकानं 'बीप' केलं आणि पुढचा प्रश्न टाकला. बाकडं रिकामं झालं, सगळे पडद्याभोवती.