स्टिअरिंग गार्ड घेण्याआधी गाडीखाली झोपा

ऑफरोडवाल्या मंडळींत स्टिअरिंग गार्डचा (गाडीखालचे स्टिअरिंगचे रॉड दगडांपासून वाचवणाऱ्या पत्र्याचा) विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सहा मिमी घेऊ की आठ? माझ्या मते जाडीचं सगळ्यात शेवटी बघावं. गार्डचा पत्रा फाटून रॉड वाकलाय असं मी फारसं पाहिलेलं नाही. पत्रा शाबूत आणि त्याची पकडच निखळलेली, किंवा पत्रा एकीकडे आणि रॉड भलतीकडेच, हे मात्र भरपूर पाहिलंय. म्हणून कॅटलॉग बाजूला ठेवा, चटई टाका आणि आधी गाडीखाली झोपा.

खाली काय शोधायचं? दोन रॉड. स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक, आणि दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा टाय रॉड (आम्ही लँड रोव्हर डिफेंडरवाले त्याला ट्रॅक रॉड म्हणतो). जुन्या, कॉइल स्प्रिंगच्या डिफेंडरमध्ये ड्रॅग लिंक अॅक्सलच्या पुढून जाते आणि ट्रॅक रॉड अॅक्सलच्या मागे असतो. जीप रँग्लरमध्ये दोन्ही पुढेच. फरक छोटा दिसतो, पण गार्डने काय झाकायचं ते त्यावरच ठरतं. माझ्या गाडीला पुढून कितीही भक्कम गार्ड लावला तरी तो ड्रॅग लिंक आणि डॅम्परपुरताच (डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा). ट्रॅक रॉडला पुढून येणाऱ्या दगडाची भीती कमी, कारण दगड आधी अॅक्सलला भिडतो. ट्रॅक रॉड मार खातो तो दगडावरून पुढचं चाक धपकन खाली उतरतं तेव्हा, किंवा रिव्हर्स घेताना. त्यासाठी अॅक्सलवरच बसणारा वेगळा गार्ड लागतो, नाहीतर जाड भिंतीचा रॉड.

रॅक अँड पिनियनची गाडी (जिथे स्टिअरिंग बॉक्सऐवजी दातेरी आडवी पट्टी, म्हणजे रॅक, चाकं वळवते) असेल तर हिशोबच बदलतो. तिथे रॅक सबफ्रेमवर वर बसलेला असतो आणि बहुतेक वेळा इंजिनखालच्या स्किड प्लेटमध्येच झाकला जातो. बाहेर डोकावतात ती टाय रॉडची दोन टोकं, आणि ती चाकाबरोबर वरखाली होत असल्यामुळे कुठलीच प्लेट त्यांना नीट झाकू शकत नाही. अशा गाडीसाठी 'स्टिअरिंग गार्ड' नावाचं काही स्वतंत्र विकायला दिसलं, तर ते नक्की काय झाकतंय ते बघूनच हात घाला.

आता मुख्य मुद्दा. सॉलिड अॅक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच अखंड आडव्या अॅक्सलवर असलेल्या) गाडीत गार्ड बोल्ट होतो चॅसीला आणि रॉड हलतो अॅक्सलबरोबर. गाडी सपाटीवर उभी असताना काढलेल्या फोटोत सगळं झाकलेलं दिसतं. पण एक चाक खड्ड्यात लोंबकळलं की त्या बाजूचा अॅक्सल खाली जातो, रॉडही खाली येतो, आणि गार्ड जिथल्या तिथे. म्हणजे गाडी सगळ्यात अडचणीत असते नेमकी तेव्हाच रॉड गार्डच्या कडेखाली उघडा पडू शकतो. गार्डचा तळ फार मागेपर्यंत वळवला असेल तर उलटा त्रास: खाली येणारा रॉड गार्डवरच टेकतो आणि स्टिअरिंग फिरवताना घासतो.

हे तपासायला फार काही लागत नाही. मागच्या चाकांना अडण लावा, चॅसीच्या एका बाजूला जॅक लावून त्या बाजूचं पुढचं चाक पूर्ण लोंबेपर्यंत उचला, आणि खाली जाण्याआधी चॅसीला भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. मग कुणाला तरी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायला सांगा. गार्डच्या आतल्या बाजूला चार-पाच ठिकाणी मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे गोळे चिकटवून ठेवायचे. जिथे गोळा चेपला, तिथे जागा कमी. उलट बाजूने, अॅक्सल बंप स्टॉपला (वरची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर आणूनही बघायचं. हे स्प्रिंग काढल्याशिवाय नीट जमत नाही, पण ज्यांनी गाडी उंच करून घेतलीय त्यांनी टाळू नये. अॅक्सल सरळ वर जात नाही, त्याला चॅसीशी जोडणाऱ्या आर्मच्या टोकाला कमानीत जातो. गाडी उंच केली की आर्मचा उतार वाढतो आणि वर जाताना अॅक्सल जास्त पुढे सरकतो, थेट गार्डच्या मागच्या कडेकडे. स्टॉक उंचीच्या गाडीसाठी बनवलेला गार्ड लिफ्ट केलेल्या गाडीला 'बसतो' हे खरं असलं, तरी ते फक्त गाडी उभी असताना.

जागेचं जुळलं की पकड. गार्डवर आदळणारा सगळा मार शेवटी बोल्टवर आणि बोल्टच्या भोकांवर येतो. चॅसीत आधीपासून असलेल्या भोकांवर, बंपरच्या किंवा पुढच्या टो पॉइंटच्या बोल्टवर बसणारा गार्ड मला पटतो. नवी भोकं पाडायला सांगणारा नाही. चॅसी पोकळ चौकोनी असेल तर आरपार जाणाऱ्या बोल्टवर आतून नळीचा स्पेसर हवाच, नाहीतर पाना आवळता आवळता चॅसीच्याच भिंती आत दबतात. डिफेंडरचे बरेच गार्ड जेट रिंगच्याच बोल्टवर बसतात. (या रिंगा मुळात विमानातून गाडी नेताना ती बांधून ठेवण्यासाठी ब्रिटिश लष्कराच्या हवाई वाहतूक संस्थेने (Joint Air Transport Establishment, म्हणजे JATE) तयार केल्या, म्हणून हे नाव.) तिथे गार्डच्या जाडीइतका जास्त लांब बोल्ट मिळतोय ना, तेवढं बघा. जुनाच बोल्ट वापरून नटाला दोन आटे पकड मिळाली असेल तर तो गार्ड लावलाच नाही असं समजा.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचायची सवय लावून घ्या. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कल ताणाला तुटणारा आणि त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० ला, कायमचा ताणला जाणारा. चकचकीत स्टेनलेसवर बहुधा ए२-७० लिहिलेलं असतं. तो ७०० ला तुटतो आणि ४५० लाच ताणायला लागतो. गंजत नाही म्हणून लोक हौसेने स्टेनलेस लावतात, पण या जागी मला साधा झिंक चढवलेला ८.८ बरा वाटतो. शिवाय अॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये स्टेनलेसचा बोल्ट आणि वर खारट पाणी, असं तिघांचं जमलं की बोल्ट तसाच राहतो आणि भोकाभोवतीचं अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. मध्ये नायलॉनचा वॉशर टाकला की बराच काळ सुटका. आणि बोल्टची डोकी खाली उघडी राहत असतील तर दगड ती घासून सपाट करतात, मग त्यांच्यावर कुठलाच पाना बसत नाही. डोकी खोलगट खाचेत बसवलेला गार्ड शोधा.

आता तो जाडीचा प्रश्न. ४ मिमी स्टीलचा पत्रा चौरस मीटरला सुमारे ३१ किलो, ८ मिमी अॅल्युमिनियम सुमारे २२ किलो. वजन कमी, आणि सपाट पत्रा म्हणून वाकायला मात्र ते अॅल्युमिनियम जवळजवळ पावणेतीन पट ताठ. धातू म्हणून अॅल्युमिनियम लवचीक, पण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे जाडी दुप्पट झाली की पारडं फिरतं. ६ मिमी अॅल्युमिनियमसुद्धा ४ मिमी स्टीलपेक्षा थोडं ताठच भरतं, आणि वजन निम्मं. विंच आणि बंपरने आधीच नाक जड झालेल्या गाडीला हे वजन जाणवतं. स्टीलची बाजू अशी की ते दगडावरून सरकतं. अॅल्युमिनियम मऊ, त्यात दगड रुततो, ओरखडे नाही तर चर पडतात आणि गाडी अडते. स्टील वाकलं तर घणाने ठोकून सरळ करता येतं, कुठल्याही वेल्डरकडे जोडता येतं. गाडी खडकावर नेहमी पोटावर घासत जाणार असेल तर स्टील. माती, नाले, झुडपं आणि अधूनमधून एखादा दगड असेल तर अॅल्युमिनियम. मी अॅल्युमिनियम लावलंय, कारण माझ्या गाडीच्या नाकावर विंच आहे आणि खडक मी टाळतो.

जाडीपेक्षा आकार कितीतरी महत्त्वाचा. गार्डचं तोंड उभं असेल तर तो नांगराच्या फाळासारखा जमीन खणत जातो. उतरतं असेल तर गाडी दगडावरून वर सरकते. त्याच वेळी गार्ड किती खाली लोंबतो तेही बघा, कारण बंपरच्या खाली आलेला प्रत्येक इंच चढाला भिडण्याचा कोन कमी करतो.

चिखलाचं कुणी सांगत नाही. गार्ड आणि डिफच्या (अॅक्सलमधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याच्या) मध्ये चिखल भरतो, वाळतो आणि विटेसारखा घट्ट होतो. त्यात डॅम्परचा दांडा आणि बॉल जॉइंटचे रबरी बूट रुतून बसतात, बूट फाटले की आत माती. पाण्याचा पाइप आत घालता येईल एवढी भोकं गार्डला हवीत, आणि ग्रीस निपलपर्यंत हात पोचायला हवा.

गार्ड बसवल्यावर पहिल्या खडबडीत फेरीनंतर सगळे नट पुन्हा आवळा. नट आणि प्लेटवरून पेंटची एक रेघ ओढून ठेवली की सैल झालेला नट उभ्या उभ्या दिसतो. आणि गार्डवर मोठा धक्का बसल्यासारखा वाटला, तर तो चेपलाय का हे बघून समाधान मानू नका, रॉड बघा. ड्रॅग लिंक वाकली की सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचा गोल तिरका राहतो आणि एका बाजूला गाडी कमी वळते. ट्रॅक रॉड वाकला की तो आखूड होतो. तो अॅक्सलच्या मागे असलेल्या गाडीत पुढची चाकं बाहेर तोंड करतात, पुढे असलेल्या गाडीत आत. टेप घ्या, दोन्ही पुढच्या टायरच्या मधल्या खाचेतलं अंतर हबच्या उंचीवर समोरून मोजा, मग तसंच मागून. हे दोन आकडे गाडी नवी-नीट असताना लिहून ठेवलेले असतील तर जंगलातसुद्धा पाच मिनिटांत कळतं, घरी चालवत न्यायची की आधी रॉड काढून सरळ करायचा.