हवालदाराच्या घरची ठासणी

२०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि सिंधुदुर्गातल्या आमच्या पोलीस ठाण्यात निवडणुकीपुरत्या परवान्याच्या बंदुका जमा करून घ्यायचं ठरलेलं काम सुरू झालं. परवानाधारकांची यादी काढायची, छाननी समितीने दिलेल्या नावांना नोटिसा बजावायच्या, येईल ती बंदूक तपासून जमा करायची आणि पावती द्यायची. आमच्या यादीत पिस्तूलवाले मोजके. बाकी सगळे शेतीसंरक्षणाचे परवाने, बंदुका ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, नाहीतर काडतुसाच्या एकनळी बारा बोअरच्या. ऐन भातकापणीत डुकरं मळ्यात उतरतात, तेव्हाच बंदूक मागितली की शेतकरी कुरकुरतो. मला ती कुरकुर रास्तच वाटते.

त्या दिवशी गोणपाटात गुंडाळलेली ठासणी घेऊन आला तो मात्र मुंबईत नेमणुकीला असलेला, रजेवर गावी आलेला हवालदार. सोबत शेती करणारा धाकटा भाऊ. नोटीस वडिलांच्या नावाची. वडील पावसाळ्याआधीच वारलेले. “दाखवूक हाडलंय, ठेवूक नाय,” हवालदार म्हणाला. “मी पोलीस मा! माका परवानो कित्याक व्हयो?”

पोलिसाला परवाना कशाला, हाच प्रश्न निवृत्त मंडळीही विचारतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये लोकसेवकाला सूट आहे, पण ती कर्तव्य बजावताना जवळ असलेल्या शस्त्रापुरती. कोतातून, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रागारातून, दस्त्यावरचा बट नंबर बघून, राउंड (काडतुसं) मोजून, सही करून घेतलेली रायफल त्या सुटीत बसते. ड्युटी संपली की ती परत जमा होते, आणि एक राउंड कमी भरला तरी चौकशी लागते. त्याच माणसाच्या माळ्यावरची बंदूक त्या सुटीत बसत नाही. परवाना वडिलांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. त्यानंतर कलम २१ प्रमाणे बंदूक विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. नाहीतर ती विनापरवाना ठरते, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला किमान दोन, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे.

“मग आमच्या कोतात ठेवतंय.” तेही जमत नाही. युनिटच्या शस्त्रागारात जमा करायची मुभा कलम २१ ने सैन्यदलातल्या माणसाला दिली आहे. पोलिसांचा तिथे उल्लेख नाही.

अमेरिकेत २००४ च्या केंद्रीय कायद्याने कार्यरत आणि निवृत्त पोलिसांना, काही अटींवर, ड्युटीवर नसतानाही कुठल्याही राज्यात पिस्तूल लपवून बाळगता येतं. आपल्याकडे सूट वर्दीतल्या माणसाला नाही, त्याच्या कामाला आहे, आणि माझ्या मते हेच बरोबर आहे. का, ते बंदूक तपासताना दिसलं.

हवालदाराने सवयीने मॅगझीन आणि बोल्टच्या जागी हात नेला. पोलिसांच्या एसएलआर रायफलवर मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर डोळ्यांनी बघा, की रायफल रिकामी आहे की नाही ते कळतं. ठासणीला उघडायची जागाच नसते. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. सगळं गजाने ठासलेलं. घोड्याखाली दारू पेटवणारी टोपी नाही म्हणजे बंदूक रिकामी, असं समजणाऱ्यांच्या हातून अपघात होतात.

नळी वाळूच्या पोत्यांकडे धरून गज अलगद आत सोडला आणि तोंडापाशी खडूने खूण केली. गज बाहेर काढून, खूण तोंडाशी जुळवून नळीच्या बाहेरून धरला. नळी रिकामी असेल तर गजाचं टोक टोपीच्या जागेपर्यंत पोचतं. इथे ते चार बोटं अलीकडेच थांबलं. बंदूक भरलेली होती. घरातून ठाण्यापर्यंत ती तशीच आली होती.

अशी बंदूक बार उडवून मोकळी करायची नाही. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते. शिवाय जुनी बंदूक नीट धुतलेली नसेल, तर दारूचे क्षार आपल्या दमट हवेत पाणी ओढतात आणि नळी नेमकी मागच्या, सगळ्यात जास्त दाब येणाऱ्या भागात गंजते. तिथे बार टाकला तर नळी फाटू शकते. गजावर हातोडी मारायची नाही, नळी तापवायची नाही. तोंडातून पाणी ओतून ती रात्रभर बाजूला ठेवायची. दुसऱ्या दिवशी गजाला स्क्रूचं टोक लावून बोळा ओढायचा, छर्रे ओतायचे, भिजलेली दारू धुऊन काढायची. आम्ही तेच केलं. काढलेले छर्रे पाकिटात घालून पंचनाम्यात लिहिले.

परवाना हवालदाराला मिळण्यासारखा नव्हताच. शेतीसंरक्षणासाठी मागायचा, तर राखणारा माणूस शेतावर हवा. धाकट्याला सांगितलं: मृत्यूचा दाखला, सातबारा, इतर वारसांची ना हरकत आणि बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला जोडून वारस म्हणून अर्ज कर. अर्जाचा निकाल लागेपर्यंत बंदूक इथेच राहील. पावतीवर बंदुकीचा नंबर, नळीची लांबी आणि दस्त्यावरची चीर लिहून घेतली, नाहीतर परत नेताना ‘ही आमची नव्हे’ म्हणून वाद होतो.

“आणि तवसर डुकरांचा काय?” धाकट्याने विचारलं. परवाना मिळाला तरी रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हे त्याला सांगावं लागलं. नुसता आवाज करायला फटाके आहेत. हवालदार काही बोलला नाही. पावती मात्र त्याने स्वतःच्या नावाने मागितली. ती भावाच्या नावाने केली.