वूचला गेलात तर आधी साचे बघा, मग चित्रं

पोलंडला जाणारे आपले लोक बहुतेक वॉर्सा आणि क्राकूव करून परत येतात, वूच (नकाशावर आपण लॉड्झ असं वाचतो ते) कुणी धरत नाही. वॉर्साहून ट्रेनने साधारण दीड तास लागतो. बघताक्षणी आवडावं असं शहर नाहीये ते, लाल विटांच्या गिरण्या, उंच धुराडी, मालकांचे महाल आणि मध्येच पोपडे उडालेल्या जुन्या इमारती. पण ज्यांच्या घरात कुणी गिरणीत होतं त्यांनी तरी जावंच असं मी मनापासून सांगते. माझे आजोबा लालबागला साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या खात्यात होते (गिरणीत मागाला साचा म्हणतात), त्यामुळे मला हे शहर परकं वाटलंच नाही.

1820 साली हे गाव कापडधंद्यासाठी ठरवलं गेलं तेव्हा इथे जेमतेम आठशे माणसं राहत होती. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तीच वस्ती पाच लाखांच्या आसपास गेली! जर्मन विणकर आले, ज्यू व्यापारी आले, आजूबाजूच्या खेड्यांतून पोलिश मजूर आले आणि माल जायचा रशियन साम्राज्यात. कोकण-घाटावरून मुंबईत लोक कसे आले ते आपण घरात ऐकलेलं असतं, त्यामुळे इथलं सगळं पटकन कळतं.

प्योत्रकोव्स्का हा शहराचा मुख्य रस्ता, चार किलोमीटरपेक्षा लांब आणि जवळजवळ सरळ. त्याच्या दक्षिण टोकाकडे सेंट्रल म्युझियम ऑफ टेक्स्टाइल्स आहे. इमारतीचं नाव 'पांढरी गिरणी', कारण बाकीच्या लाल विटांच्या आणि ही पांढऱ्या गिलाव्याची. लुडविक गायर नावाच्या माणसाने 1830 च्या दशकात तळ्याकाठी बांधायला घेतली आणि त्या दशकाच्या शेवटी इथे शहरातलं पहिलं वाफेचं इंजिन चालू झालं. पुढे त्याचं जे झालं ते मला फार लागलं. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि गायर बुडत गेला, आणि त्याच शहरातल्या कारोल शायब्लरने कापसाचा साठा करून ठेवला होता तो मात्र सगळ्यांत मोठा गिरणीमालक झाला. त्याच काळात आपल्याकडचा कापूस सोन्याच्या भावाने इंग्लंडला जात होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता, हे शाळेत वाचलेलं. एकाच युद्धाने एका शहराचं भलं झालं आणि दुसऱ्या शहरातला एक माणूस संपला, हे तिथे त्या अंगणात उभं राहून डोक्यात आलं.

आत जुने साचे नुसते मांडून ठेवलेले नाहीत, काही चालवून दाखवतात, आणि हेच बघायला जायचं. तिथल्या एका काकूंनी आधी हातमागावर दाखवलं, ताण्याचे, म्हणजे उभे धागे वरखाली कसे होतात आणि मधून आडवा धागा नेणारा धोटा कसा जातो, सगळं सावकाश. मग त्यांनी यंत्राच्या साच्याचा दांडा ओढला आणि पुढची दोन मिनिटं मला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येईना. धोटा या टोकाला आपटतो, त्या टोकाला आपटतो, मिनिटाला शे-दीडशे वेळा तरी, आणि हा एकच साचा! खात्यात असे शेकडो असायचे. धागा कोरडा पडला की तुटतो म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवायची, त्यात कापसाची पिंज उडत असायची. आजोबा घरातसुद्धा ओरडूनच बोलायचे, समोरच्याच्या ओठांकडे बघायचे, आणि आम्हाला लहानपणी वाटायचं की ते सारखे रागावलेले असतात. त्या दोन मिनिटांत मला आजोबा कळले. डोळ्यांत पाणी आलं, काकूंनी काही न विचारता साचा बंद केला.

नक्षी विणणारा जॅकार्डचा साचापण आहे, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ वरून फिरत असते आणि कुठलं भोक आहे त्यावर कुठला धागा उचलायचा ते ठरतं. लहान मुलं असतील तर त्यांना इथे जास्त वेळ उभं करा. वरच्या मजल्यांवर टॅपेस्ट्री (भिंतीवर लावायची विणलेली चित्रं) आणि धाग्यांतली कला आहे. 1960 च्या दशकात माग्दालेना आबाकानोविच आणि इतर पोलिश कलाकारांनी विणकाम भिंतीवरून सुटं केलं, सिसल नावाच्या जाड तंतूच्या दोरांचे माणसापेक्षा उंच आकार छतावरून लोंबते सोडले, आणि 1972 पासून इथे टॅपेस्ट्रीचं ट्रिएनाले, म्हणजे दर तीन वर्षांनी होणारं प्रदर्शन भरतं. फॅशनचा भागही आहे, तो मी भरभर बघितला.

मग ट्रॅमने वर यायचं, मुझेउम श्तुकी, म्हणजे इथलं आर्ट म्युझियम. त्याची सुरुवातच विलक्षण आहे. 'ए. आर.' नावाच्या कलाकारांच्या गटाने युरोपभरच्या ओळखीच्या कलाकारांकडून चित्रं मागून गोळा केली, लेजे, आर्प, श्विटर्स अशी मंडळी, आणि 1931 मध्ये या गिरणीच्या शहरात ती लोकांसाठी मांडली. मॉडर्न आर्टचं असं कायमचं कलेक्शन तेव्हा युरोपात फार कमी ठिकाणी होतं. त्या गटातला व्लादिस्लाव स्त्शेमिन्स्की पहिल्या महायुद्धात एक हात आणि एक पाय गमावलेला चित्रकार आणि त्याची बायको कताझिना कोब्रो शिल्पकार. 1948 मध्ये त्याने या म्युझियममध्ये 'निओप्लास्टिक रूम' केली, भिंतींवर लाल, निळे, पिवळे, काळे, पांढरे चौकोन, सगळ्या रेषा उभ्या नाहीतर आडव्या, आणि मध्ये कोब्रोची शिल्पं. 1950 मध्ये सरकारला अशी कला नको झाली, त्याची शिकवण्याची नोकरी गेली आणि खोली रंग मारून पुसून टाकली. 1952 ला तो गेला. 1960 मध्ये त्याच्याच विद्यार्थ्याने ती खोली पुन्हा रंगवली. कोब्रोचं तर त्याहून वाईट, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात घरात जळण नव्हतं म्हणून तिने स्वतःची लाकडी शिल्पं फोडून चुलीत घातली, लहान मुलीसाठी काहीतरी शिजवायला.

मी गिरणी आधी बघितली म्हणून असेल, पण मला त्या खोलीत ताणा-बाणाच दिसला. स्त्शेमिन्स्कीच्या मनात काय होतं ते वेगळं असेल, पण दिवसभर उभे-आडवे धागे चालणाऱ्या शहरात ही खोली झाली हे मला अगदी बरोबर वाटतं. बहुतेक लोक उलटं करतात, आधी आर्ट म्युझियम आणि वेळ उरला तर गिरणी. तसं करू नका.

आर्ट म्युझियमची दुसरी इमारत मानुफाक्तुरामध्ये आहे. हे इझ्राएल पोझनान्स्कीच्या गिरण्यांचं आवार, 2006 पासून मॉल, आत दुकानं, सिनेमा, कारंजी, आणि जुन्या विणकाम खात्यात 2008 पासून चित्रं. शेजारीच मालकाचा महाल, रस्त्यापलीकडे कामगारांच्या चाळी. इथे उत्तरेला बालुतीमध्ये 1940 ते 44 नाझींनी घेट्टो केला होता, दोनेक लाख ज्यू माणसं कोंडली, त्यांच्याकडून जर्मन सैन्याचे गणवेश शिवून घेतले आणि मग त्यांना छळछावण्यांत पाठवलं. कापडाचा हा इतिहाससुद्धा याच शहराचा, तो वगळून पुढे जाता येत नाही.

आणि मॉलमध्ये फिरताना हे पण लक्षात ठेवा की फेब्रुवारी 1971 चा संप सुरू झाला तो या गिरणीत आणि अशाच आणखी ठिकाणी. डिसेंबरमध्ये सरकारने खाण्यापिण्याच्या किमती वाढवल्या होत्या, बंदरांच्या शहरांत कामगारांवर गोळ्या चालवल्या तरी वाढ मागे घेतली नव्हती. वूचच्या संपात बहुतेक बायका होत्या, पंतप्रधान स्वतः येऊन बोलले तरी त्या हलल्या नाहीत, आणि काही दिवसांत वाढ रद्द झाली. 1990 नंतर रशियाची बाजारपेठ गेली आणि गिरण्या बंद पडल्या तेव्हा सगळ्यात आधी घरी बसल्या त्याही ह्याच बायका. मला विचाराल तर मॉलच्या मधल्या चौकात त्यांचं नाव कारंज्यापेक्षा मोठं असायला हवं.

जाताना सोमवार टाळा, दोन्ही म्युझियम बंद असतात. आणि पांढऱ्या गिरणीत तिकीट काढतानाच साचे कधी चालवणार ते विचारून घ्या, ते चुकवून परत येऊ नका.