ताम्हिणीमार्गे दिवेआगर, आणि वाटेत केलेली जीपीएसची तपासणी

पुण्याच्या चांदणी चौकातच गाडीच्या सेटवरचा, म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेल्या पडद्यावरच्या नकाशातला, बाण भरकटला. गाडी मुळशीच्या रस्त्याला लागली होती, बाण मात्र बावधनच्या बाजूला सरकलेला आणि पडद्यावर सॅटेलाइट शोधत असल्याची सूचना. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या इथल्या पुलांवर मुंबई, सातारा, बावधन, मुळशी असे फाटे इतके जवळजवळ आहेत की दहा-पंधरा मीटरचा फरकही भलत्याच रॅम्पवर नेऊन सोडतो. इथे नवख्याने पडद्यावर विसंबू नये, डोक्यावरच्या पाट्या वाचाव्यात.

पिरंगुटच्या पुढे मोकळी जागा बघून गाडी थांबवली. वर झाड नाही, शेजारी इमारत नाही. अशाच ठिकाणी तपासणी करावी. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा सिग्नल आपल्यापर्यंत येईतो अत्यंत क्षीण झालेला असतो. जागा नक्की करायला निदान चार उपग्रह एकाच वेळी सापडावे लागतात. मोबाइलच्या रेंजचा याच्याशी काही संबंध नाही.

फोन डॅशबोर्डवर ठेवून उपग्रह दाखवणारं ॲप उघडलं. फोनला भरपूर उपग्रह सापडत होते, गाडीच्या सेटला जेमतेम तीन. म्हणजे दोष गाडीतच. मग एकेक वस्तू काढून पाहिली. डॅशकॅम बंद केला, फरक नाही. लायटरच्या सॉकेटमधला स्वस्तातला यूएसबी चार्जर उपसला आणि थोड्याच वेळात सिग्नलच्या पट्ट्या वर चढल्या, बाण रस्त्यावर आला. हलक्या चार्जरमधून निघणारा विद्युत गोंगाट हा नाजूक सिग्नल सहज दाबून टाकतो. सेट बदलायचा खर्च करण्याआधी हा प्रयोग प्रत्येकाने करावाच, त्याला एक पैसाही लागत नाही.

मुळशीचं पाणी मागे पडलं, घाट सुरू झाला आणि बाण पुन्हा थिजला. घाटात डोंगर निम्मं आकाश झाकतो, त्यावर झाडांची गच्च कमान. चांगल्या अँटेनालाही इथे कष्ट पडतात, पण फोन व्यवस्थित चालत होता, त्यामुळे आमच्या गाडीत अजून काहीतरी राहिलं होतं हे उघड होतं. घाटात मोबाइलची रेंज बराच वेळ नसते, तेव्हा नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्या. पेट्रोलही पिरंगुट-पौडपर्यंत भरा. पुढे विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा आणि मग दिवेआगर, रस्ता सरळ आहे. तिथे पोचल्यावर उकडीचे मोदक चुकवू नका, एवढंच सांगतो.

परतल्यावर नाना पेठेत एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी सेट बाहेर ओढला, मागे हात घातला आणि म्हणाले, "साहेब, हा बघा तुमचा अँटेना. उताणा पाहिजे, हा पालथा पडलाय." काडेपेटीएवढी काळी चौकोनी डबी, सेटच्या मागच्या लोखंडी पट्टीला खालून चिकटवलेली. तोंड जमिनीकडे, डोक्यावर पत्रा. अँटेनाखाली पत्रा असला तर उलट मदतच होते, वर असला की सगळं संपलं. त्यांनी ती डबी डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, काचेखाली, चुंबकाची बाजू खाली ठेवून बसवली आणि वायर कुठेही न दुमडता आत घेतली. सेटमागची पितळी चकती हातानेच आवळली. "पाना लावला की आतली पिन मोडते," हे त्यांचं वाक्य ध्यानात ठेवण्यासारखं आहे. शेवटी मीटर लावून अँटेनाला वीज पोचतेय का तेही पाहिलं. ती साधारण तीन ते पाच व्होल्ट असावी लागते.

पुढच्या काचेवर उष्णता अडवणारी फिल्म असेल तर तीही तपासा. त्यात धातूचा थर असला तर काचेखालच्या अँटेनाचा सिग्नल अडतो.

बॅटरी काढून जोडली असेल तर सेट लगेच नादुरुस्त ठरवू नका. साठवलेली माहिती पुसली जाते आणि उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. गाडी उघड्यावर चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. जुन्या सेटवर तारीख वीसेक वर्षं मागची दिसत असेल तर अँटेनाला हात लावू नका. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो तसा आला, आणि काही जुने सेट तिथेच गोंधळले. त्यावर उपाय सॉफ्टवेअर अपडेटचा.

कात्रजच्या नव्या बोगद्यात बाण थांबला तर घाबरायचं कारण नाही. कंपनीतून बसवून आलेल्या अनेक सेटना चाकांच्या वेगावरून अंदाज बांधता येतो म्हणून त्यांचा बाण आतही चालत राहतो, बाहेरून बसवलेल्यांचा बहुधा नाही. बोगद्याबाहेर मोकळ्या आकाशाखाली मिनिटभरातही तो जागेवर आला नाही, तर मात्र आधी चार्जर उपसा आणि मग अँटेना शोधा.