स्कॉटलंड ठरलं, पण स्कॉटलंडमध्ये कुठे?

गोल्फच्या सहलीसाठी देश अर्ध्या तासात ठरला. प्रदेश ठरेपर्यंत पावसाळा सरला.

आम्ही चौघी पुण्यात खेळणाऱ्या. हँडिकॅप (ठरलेल्यापेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) वीस ते तीसच्या दरम्यान, म्हणजे चेंडू बहुतेक वेळा पुढे जातो आणि कधीमधी हव्या त्या दिशेलाही जातो. माझ्या जाऊबाई सगळ्यांत मोठ्या. गुडघा कुरकुरतो, पण पटिंगमध्ये, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून खड्ड्यात घालण्यात, त्यांचा हात धरणारं कोणी नाही. एक मैत्रीण बँकेतून निवृत्त झालेली, दुसरी डॉक्टर. शिवाय माझे यजमान. ते खेळत नाहीत; गोल्फ म्हणजे पैसे देऊन ऊन खायचा प्रकार, असं त्यांचं मत आहे.

डॉक्टरीणबाईंना सुट्टी जूनमध्येच मिळणार होती. थायलंड सगळ्यांत सोपं, पण जूनमध्ये तिथे पावसाळा. इथला पाऊस सोडून तिथल्या पावसात भिजायला कोण जाईल? पोर्तुगालचं अल्गार्व छान आहे, पण आम्हाला रिसॉर्ट नको होतं. समुद्रकाठच्या वाळूच्या उंचवट्यांवर वारा खात खेळायचं जुनं लिंक्स हवं होतं. जूनमध्ये स्कॉटलंडला रात्री दहापर्यंत उजेड असतो, हे कळल्यावर चर्चा संपली.

खरा घोळ पुढे. स्कॉटलंड म्हटलं की सगळे सेंट अँड्र्यूज म्हणतात. तो भाग फाइफ. पश्चिमेला एअरशर, जिथे 1860 साली प्रेस्टविकला पहिली ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन, स्पर्धा झाली. उत्तरेला हायलँड्स, तिथे रॉयल डॉर्नकचं मैदान. आणि एडिंबरोच्या पूर्वेला ईस्ट लोदियन. बँकवालीने तक्ता केला: ग्रीन फी (मैदानावर खेळायचे पैसे), स्टेशन किती लांब, बग्गी (मैदानावर फिरायची छोटी गाडी) मिळते का, न खेळणाऱ्या माणसाने दिवसभर करायचं काय. शेवटचा रकाना यजमानांसाठी होता आणि त्यांना तो मुळीच आवडला नाही.

फाइफवर सगळ्यात जास्त वाद झाला. सेंट अँड्र्यूजच्या प्रसिद्ध ओल्ड कोर्स मैदानावर खेळायचं तर वर्षभर आधी वेळ मिळवायची, नाहीतर ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी चिठ्ठ्या निघतात त्यात नाव घालायचं. फी तीनशे पौंडांच्या वर. रविवारी मैदान बंद. गावाला रेल्वे स्टेशन नाही. लूखर्सला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी.

"बँकेत चाळीस वर्षं काढली मी," मैत्रीण म्हणाली, "लॉटरीच्या भरवशावर विमानाची तिकिटं काढायची नसतात."

जाऊबाईंचा जीव मात्र फाइफमध्ये अडकला होता. सेंट अँड्र्यूजला 1867 पासूनचा बायकांचा पटिंग क्लब आहे, आणि त्यांच्या उंचसखल पटिंग मैदानाला 'हिमालयाज' म्हणतात. थोडे पैसे देऊन तिथे कोणीही खेळू शकतं. आणि फाइफमधल्याच ईली गावी पहिल्या टीसमोरच, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेसमोरच, चढ असल्यामुळे पलीकडचं दिसत नाही, म्हणून खेळाडूंना पाळीपाळीने सोडणाऱ्या स्टार्टरच्या खोलीत चक्क पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय. पुढचे खेळाडू लांब गेले की नाही, ते त्यातून बघायचं. हे ऐकून यजमानसुद्धा पहिल्यांदाच सरसावून बसले.

हायलँड्सला गाडी चालवणं भाग होतं, आणि आमच्यात तिकडच्या अरुंद रस्त्यांवर हौसेने चालवणारं कोणी नव्हतं. डॉर्नक इन्व्हरनेसच्याही पुढे. तिकडच्याच ब्रोराच्या मैदानावर मेंढ्या आणि गुरं चरतात, ग्रीनभोवती (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीभोवती) विजेची तार असते. फोटो बघूनच मी हरखले होते. पण नको म्हटलं.

एअरशर पावसावरून गेलं. अटलांटिकवरचा ओला वारा आधी पश्चिम किनाऱ्याला भेटतो, पूर्वेकडे पोचेपर्यंत त्याचा बराचसा जोर ओसरलेला असतो. महाबळेश्वर आणि फलटण, इतकं सांगितलं की पुणेकराला पुढे काही समजवावं लागत नाही. पूर्वेलाही एक खोड आहेच: उन्हाळ्याच्या सुरुवातीला नॉर्थ सीवरून धुकं येतं, त्याला तिकडे 'हार' म्हणतात, आणि समोरचा झेंडा दिसेनासा होतो. पण धुक्यात निदान बूट भरत नाहीत.

ईस्ट लोदियनकडे मी झुकले ती रेल्वेमुळे. एडिंबरो वेव्हर्लीहून नॉर्थ बेरिकची गाडी साधारण अर्ध्या तासात पोचवते. खेळणाऱ्यांनी तिथे राहायचं, न खेळणाऱ्याने सकाळी गाडी धरून एडिंबरोचा किल्ला, संग्रहालयं बघून यायचं. किंवा गावातच थांबून समोरच्या बास रॉकवरचे गॅनेट पक्षी बघायचे. जगातल्या त्यांच्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक तिथे आहे. किनाऱ्याने वीसेक मैदानं आहेत. गलन गावात तर एकाच क्लबची तीन.

मतदानाच्या वेळी मी त्याच भागातल्या मसलबरा गावाची गोष्ट काढली. तिथल्या जुन्या नऊ होलच्या मैदानावर ओपन स्पर्धा सहा वेळा झाली, ते असो. 1810 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या क्लबने ठराव केला की नवीन वर्षाच्या खेळात जी बाई सगळ्यांत चांगली खेळेल तिला मासळीची नवी पाटी आणि शाल द्यायची, आणि तसं गावातल्या कोळणींना कळवायचं. सोबत रेशमी रुमालही. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही फार जुनी नोंद मानतात. जाऊबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "लिही, माझं मत ईस्ट लोदियनला."

त्याच किनाऱ्यावर म्युरफील्ड क्लब आहे. 2016 साली तिथल्या सभासदांनी बायकांना सभासदत्व देण्याचा ठराव पुरेशा मतांनी पास केला नाही, 2017 साली केला, आणि 2022 मध्ये महिलांची ब्रिटिश ओपन तिथेच झाली. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, "म्हणूनच जायचं, नाकावर टिच्चून." मला स्वतःला त्या फीमध्ये दुसरीकडे दोनदा खेळणं बरं वाटलं, शिवाय पाहुण्यांसाठीचे तिथले वार आमच्या बेतात बसेनात. हा विषय अजून मिटलेला नाही.

मग पत्रव्यवहार. दोन गोष्टी आपल्याकडच्यांना आधी माहीत हव्यात. एक, हँडिकॅपचं प्रमाणपत्र क्लबकडून घेऊन ठेवा. बरेच क्लब मागतात. दुसरी, आपल्यासारखा कॅडी तिथे गृहीत धरू नका. बॅग स्वतः उचलायची किंवा ट्रॉली ओढायची. कॅडी हवा तर आधी सांगायचं आणि त्याचे पैसे ग्रीन फीखेरीज. बग्ग्या मोजक्या, त्याही बहुतेक ठिकाणी डॉक्टरचं पत्र असेल तरच. "पत्र मी देते, कोणता गुडघा सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जाऊबाईंनी ते पत्र नाकारलं, पण गलनचं एक नंबरचं मैदान टेकडीवर चढतं म्हणून तिथे त्यांनी तीन नंबर घेतलं, आणि सपाट, आटोपशीर किलस्पिंडी आम्ही सगळ्यांनी मिळून ठेवलं. व्हिसासाठी बोटांचे ठसे पुण्यातच झाले. नॉर्थ बेरिकला स्टेशनपासून चालत जाता येईल असं, स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं. कुकर इथून नेला.

नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सवर तेरावा होल आहे, 'पिट'. ग्रीनच्या अगदी अलीकडे दगडी गडगा आडवा धावतो, आपल्याकडे कोकणात आंब्याच्या बागेला असतो तसाच. फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनकडे जाणारी मोकळी पट्टी, इकडे, ग्रीन तिकडे. माझा दुसरा फटका घरंगळत जाऊन गडग्याला चिकटून बसला. पुढे मारायला जागाच नाही. पुण्यात कॅडीने "मॅडम, बाजूला काढा" म्हटलं असतं. इथे नुसता वारा. मी चेंडू आडवा काढला, मग उचलून पलीकडे टाकला, आणि सात फटक्यांत आटोपलं. जाऊबाईंनी चाळीस यार्डांवरून उंच चिप मारली, चेंडू गडग्यावरून जाऊन झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्यांनी ट्रॉली तिथेच सोडली आणि गडग्यातल्या वाटेने, गुडघ्याची तक्रार न करता, ग्रीनवर गेल्या.

एक रविवार फाइफला दिला. त्या दिवशी ओल्ड कोर्सवर खेळ नसतो, गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात, आणि आपणही अठराव्या फेअरवेवरून स्विलकन ब्रिज या छोट्या दगडी पुलापर्यंत फुकट चालत जाऊ शकतो. बँकवालीने तक्त्यात फीच्या रकान्यात शून्य लिहिलं.

आता जाऊबाईंना मेंढ्यांचं ब्रोरा बघायचंय. यजमान म्हणतात गाडी मी चालवीन, पण ईलीला पेरिस्कोपशी थांबायचं. ईली वाटेवर नाही, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.